हत्तीच्या पोटातली बाटली

“फुंक, बाळा, फुंक! तुझ्या छातीत लोहाराचा भाता आहे!”

विझत आलेल्या शेगडीपुढे मला बसवून वडील म्हणायचे. शेगडी गेली, वडील गेले. भाता तेवढा राहिला! त्याच भात्याच्या जोरावर मी अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ट्युबा वाजवतो. ट्युबा म्हणजे वाद्यांमधला हत्ती. अंगभर पितळ, आणि वर उघडणारं तोंड एवढं मोठं, की त्यात तान्हं मूल निजावं!

तर, डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला नळी लावली आणि विचारलं, “आत शिट्टी कोण वाजवतंय?”

“वादक आहे मी!” मी ऐटीत म्हणालो.

“पिता काय?”

“छे! बिडी नाही, दारू नाही. नुसतं गार, गोड संत्र्याचं पेय. बुडबुडेवालं. सकाळी एक बाटली, दुपारी एक, आणि मग तहान लागेल तशी.”

“रोज असलं साखरपाणी पिणाऱ्या मोठ्या माणसांत दम्याच्या तक्रारी जास्त दिसतात. बंद करा!”

झालं! बायको शेजारीच बसली होती. त्या दिवसापासून दारातच माझ्या तोंडाचा वास घेतला जाऊ लागला. पिशवी तपासली जाऊ लागली, खिसे उलटे होऊ लागले. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, बँडमध्ये माझ्या शेजारी बसून धाकटा ट्युबा वाजवतो. त्यानं तर गाणंच रचलं:

“बाटलीतली राणी, गोड गोड पाणी,
जिना चढताना छातीत गाणी!”

त्यातच बँडमास्तरांनी फर्मान काढलं, “स्पर्धेत शेवटचा लांब सूर मोठ्या ट्युबाचा. तुटला, तर ट्युबा तुझ्या मेहुण्याकडे!”

“तुटतोय कसला! भाता आहे इथे!” मी छाती ठोकली. छाती जरा खोकली, पण ते जाऊ द्या.

बाटलीचं काय करायचं, हेही मी ठरवून टाकलं होतं. खिसे सगळेच बघतात. हत्तीच्या तोंडात कोण डोकावतंय?

स्पर्धेच्या दिवशी पडद्यामागे दोन घोट घेतले, तोच बायको हजर. “कॉलर नीट करा हो!” घाईघाईत झाकण अर्धंमुर्धं फिरवलं आणि बाटली ट्युबात उलटी कोंबली. ती सरसर खाली गेली आणि घशात बूच बसावं तशी बसली!

काढायला वेळ कुठला? वादन सुरू झालं. मी नुसते गाल फुगवत राहिलो. मग तो लांब सूर आला. बँडमास्तरांची छडी माझ्याकडे वळली. वडिलांचं नाव घेतलं आणि फुंकलं!

गुडगुड... गुडगुड... फस्स!

ट्युबाच्या तोंडातून केशरी फेस उसळला, दूध उतू जावं तसा! बँडमास्तरांचा पांढरा गणवेश संत्र्याच्या बागेसारखा फुलला. उलटा आलेला घोट माझ्या नाकातोंडातून वाहू लागला.

“अगं बाई, ह्यांच्या तोंडाला फेस आला!” बायको मंचावर धावली. मागोमाग प्रेक्षकांत बसलेल्या डॉक्टरीणबाई. मला आडवं केलं, बटणं तोडली. एका परीक्षकानं आमच्याच दलाला फोन लावला. “आम्ही सगळे इथेच आहोत!” ढोलवाला ओरडला.

आणि एवढ्या गोंधळात सूर चालूच होता! भरदार, अखंड. संपला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी कोपरावर उठलो. “ऐकलंत ना, मास्तर? बाटलीसकट वाजला! ट्युबा माझाच! भाता आहे भाता!”

मेहुणा धाकटा ट्युबा खाली ठेवून धापा टाकत घाम पुसत होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं पदरानं माझ्या मिशीवरचा फेस टिपला, पदर नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला.

“आता सांगतेच. वर्षभर तुमचा तो सूर हाच वाजवतोय. तुमचा दम अर्ध्यातच संपतो. ट्युबा गेला तर तुम्ही खचाल, म्हणून मीच त्याला गळ घातली होती.”