ऑलिव्ह ऑइल येईपर्यंतचा संतुलित आहार

"साहेब, तुम्ही स्वतः ऑलिव्ह ऑइल खाता काय?"

प्रश्न माझा; 'विचारून दाखव' हे आव्हान माझ्या मैत्रिणीचं, नलूचं. सेलूच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात आहार अधिकारी मधुकरराव संतुलित आहारावर व्याख्यान द्यायला आले होते. ऑलिव्ह ऑइलनं हृदय बळकट होतं, रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, असं ते सांगत होते. आम्ही ते तेल फक्त औषधाच्या दुकानात पाहिलेलं, बाळाला चोळायच्या इवल्याशा डबीत.

साहेब खोकले. स्वतः खाणं त्यांच्या कार्यकक्षेबाहेर होतं. "प्रश्न मौलिक आहे," ते म्हणाले. "याच वसतिगृहात प्रयोग करू."

आणि केला! हुकूम निघाला: ऑलिव्ह ऑइल मंजूर. एका स्वयंपाकघरात दोन तेलं असणं प्रयोगाला बाधक, सबब रोजच्या स्वयंपाकातलं जवसाचं तेल तत्काळ बंद. मंजूर तेल मात्र अजून यायचं होतं. तोवर काय वापरावं याबाबत हुकूम गप्प होता, आणि गप्प हुकुमाचं उल्लंघन आमच्या अधीक्षिका लीलाबाई कधीच करत नसत.

स्वयंपाकीण कुंताबाईंनी वांगी पाण्यात शिजवली. "खा वं पोरींनो. भाजी नाई, वांग्यायले आंघोळ घालून राह्यली मी."

दिवाळी आली नि गेली, तेल काही आलं नाही. माझ्या खोलीतल्या रंभाच्या स्कर्टला कमरेवर पिना लागल्या. मग साहेबांनी आमची वजनं घेतली आणि ते हरखले.

"मेद घटला! एवढा झटपट फायदा परदेशातही झाला नसेल."

"पण साहेब, तेल आलंच नाही," मी म्हणाले.

"तेच तर! आल्यावर किती फायदा होईल, कल्पना कर."

योजनेच्या यशाचा समारंभ ठरला. मी वडनेरला बाबांना निरोप धाडला. आमचे बाबा रूपराव म्हणजे गावात कुणालाही तोंडावर सुनावणारे. जवसाचं तेल परत आणवणारा हाच एक माणूस! आईला घेऊन ते तणतणतच आले. "आज त्या साहेबाले सोडत नाई मी. पोरी वाळून राह्यल्या अन् हे समारंभ काऊन करून राह्यले?"

फाटकातच लीलाबाईंनी त्यांना गाठलं आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. शाल आली. नारळ आला. पालकांचे प्रतिनिधी म्हणून बाबा बोलायला उठले. बाबांनी शाल सावरली.

"योजना लय चांगली हाये," ते म्हणाले. "सगळ्याच वसतिगृहात चालू करा."

टाळ्यांचा कडकडाट. आईनं तर हात लाल होईस्तोवर वाजवल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, तेलाचं काऊन नाई बोलले?"

"अवं, एवढा मान देल्ला त्यायनं. मंग वाकडं बोलनं बरं दिसते काय?"

"नाई दिसत," मी म्हणाले. "मंग आता माह्यंबी ठरलं. आई, तूबी ऐक. मी शिकून आहार अधिकारीच होणार. त्याले तेल लागत नाई. समोर बसून टाळ्या वाजवणारे लागतात, अन् ते तर घरोघरी हाये."