राष्ट्रीय महत्त्वाची कडी

देशाच्या प्रगतीत पर्यटनाचा वाटा मोठा असल्यामुळे प्रत्येक गावात निदान एक तरी प्रेक्षणीय स्थळ असलेच पाहिजे, असा वरून हुकूम आला आणि आमच्या गावाची पंचाईत झाली. गावात किल्ला नव्हता, धबधबा नव्हता, समुद्र तर नकाशातसुद्धा दुसऱ्या पानावर होता. पर्यटन अधिकारी तेवढा होता. स्थळाच्या आधी अधिकारी नेमायची आपली पद्धत जुनीच आहे.

अशात एक परदेशी पाहुणा डुलकी लागल्यामुळे चुकीच्या थांब्यावर उतरला आणि घड्याळजींच्या घरासमोरच्या पायरीवर बसला. वरच्या मजल्यावर नेहमीचे भांडण चालू होते.

"अख्ख्या गावाची घड्याळं दुरुस्त करता, घरच्या खिडकीची कडी तेवढी तुम्हाला जमत नाही!" घड्याळजींची बायको म्हणत होती.

"उद्या करतो."

"तुमचा उद्या कुठल्या घड्याळात उजाडतो, तेवढं दाखवा मला!"

पाहुण्याला भाषेतले ओ की ठो कळत नव्हते, पण तो तल्लीन झाला. परत जाऊन त्याने जगाला सांगितले, की इतके जिवंत काही आपण कुठे पाहिलेच नाही. पुढच्याच आठवड्यात आणखी पाहुणे पायरीवर येऊन बसले. पर्यटन अधिकारी साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भांडणाला स्थळाचा दर्जा मिळाला.

मग विकास धो धो आला. समोर बाक आले, कठडा आला, तिकीटखिडकी आली. चहावाल्याने दोन मजले चढवले. गाइड हळू आवाजात सांगे, "आता बाई नणंदेचा विषय काढतील." बाई काढत. घड्याळजी "उद्या करतो" म्हणाले, की सगळे बाक एका सुरात "उद्या करतो!" म्हणत. मोडक्या कडीच्या किल्लीसाखळ्या हातोहात खपू लागल्या. त्या साखळ्यांच्या कड्या मात्र उत्तम लागत.

एके दिवशी वेळ झाली, बाक भरले, पण बाई खिडकीत आल्याच नाहीत.

"अगं, चल ना, लोक खोळंबलेत," घड्याळजी म्हणाले.

"आज मला खरंच राग आलाय," बाई म्हणाल्या. "रात्रभर ती खिडकी आपटते, वाऱ्यानं माझी मान आखडते, आणि तुम्ही घोरत पडता. एवढी माणसं ऐकायला येतात, पण तुम्ही कधी ऐकलंत का?"

 घड्याळजींना फार वाईट वाटले. त्यांनी घड्याळांचा बारीक पेचकस काढला आणि चहाला उकळी फुटायच्या आत कडी बसवली. खिडकी टक्‌कन बंद झाली. बाई हसल्या. दोघांनी चहा घेतला.

खाली हाहाकार उडाला. तिकीटवाला हातात गल्ला धरून सुन्न बसला. साहेब दम खात जिना चढून आले.

"घड्याळजी, हे काय केलंत? परवानगीशिवाय दुरुस्ती? ती कडी आता तुमची राहिलेली नाही, राष्ट्राची आहे!"

"राष्ट्राची आहे तर राष्ट्राची मान आखडू दे," बाई म्हणाल्या. "रोज माझीच का?"

"ताई, तुमच्या मानेपेक्षा देशाची मान उंच राहणं महत्त्वाचं आहे. पूर्ववत मोडून घ्या. मोडायला आमचा माणूस पाठवतो, फुकट."

"कडीला हात तर लावून बघा!"

घड्याळजी पेचकस घेऊन बायकोच्या शेजारी उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचे एकमत झालेले पाहून साहेबांचा धीर सुटला. ते खाली आले, तर पाहुणे तिकिटाचे पैसे परत मागत होते.

"साहेबांनी सांगितल्याशिवाय देणार नाही," तिकीटवाला म्हणाला.

"मी कशाला सांगू? गल्ला तुझ्याकडे आहे!"

"माझ्या वरच्या मजल्यांचं काय?" चहावाला मध्ये पडला.

"तुला चढव म्हणून कोण बोललं होतं?" गाइड ओरडला.

शब्दाने शब्द वाढला. चहावाल्याने साहेबांच्या मेहुण्याचा विषय काढला, ज्याला बाकांचे कंत्राट मिळाले होते. पाहुणे पैसे विसरून पुन्हा बाकांवर टेकले. वरची खिडकी उघडली, आणि घड्याळजी नवराबायको खिडकीच्या चौकटीवर कोपरे टेकून मजेत बघत बसले. "पैसे परत केव्हा?" असे कुणीतरी विचारले. साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "उद्या करतो!"

सगळे बाक टाळ्यांनी दणाणले.

हा प्रयोग आता रोज होतो, आणि खात्याने शहाणे होऊन नव्या स्थळांचा शोध सुरू केला आहे. अट एकच, घरात दुरुस्त न झालेली एखादी वस्तू आणि तिच्यावरून नेमाने होणारे भांडण हवे. तुमच्याकडे पाहणीला यायची गरज पडली नाही. तुमच्या शेजाऱ्यांनी सगळी माहिती तोंडपाठ सांगितली. तेव्हा तो गळका नळ तेवढा दुरुस्त करू नका. देशाचा प्रश्न आहे.