काकूंचं मौन आणि काकांचे तीन चेनसॉ

"लाकूड ताकदीनं कापलं जात नाही, विचारानं कापलं जातं," असं काकांनी बायकोला सुनावलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तीन नवे कोरे चेनसॉ ओळीनं मांडलेले होते आणि काकूंना काहीच बोलता येत नव्हतं.

काकू मुक्या नव्हत्या हो. रोज सकाळी उठल्यापासून आपला प्रार्थनेचा पाठ पुरा होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही, असं त्यांचं व्रत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मनातल्या मनात पाठ म्हणायचा, मध्ये लक्ष उडालं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. चिठ्ठी लिहून सांगणंही त्यांना पटत नसे. लिहिणं म्हणजे शाईनं बोलणंच की! खाणाखुणा तेवढ्या चालतील, अशी त्यांनी समजूत घातली होती. देवाची की स्वतःची, ते त्यांनाच ठाऊक.

या व्रताचं पुण्य काकूंच्या पदरात किती पडलं कोण जाणे, पण लाभ मात्र सगळा काकांनी उपटला. काही मागायचं असलं की ते नेमके सकाळी येत, काकूंसमोर उभे राहत आणि म्हणत, "तुझी हरकत असेल तर आत्ता सांग." मग क्षणभर थांबून, "नाही ना? ठरलं तर." मौन म्हणजे संमती! अशा संमतीनं या घरात आजवर आकाशातले तारे बघायची दुर्बीण आली होती, मासे नसलेलं एक माशांचं टाकं आलं होतं, आणि आता हे तिघे.

काकांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. डोळ्याला भिंग लावून राईएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. मागच्या अंगणातलं जुनं झाड गेल्या वर्षीच्या वादळात आडवं झालं, पडल्या पडल्या वाळून खडखडीत झालं, आणि काकांच्या मनानं घेतलं की यंदाच्या थंडीचं जळण आपण घरीच कापायचं. सरपणवाल्याचा टेम्पो दारात आला तो त्यांनी ऐटीत परत पाठवला.

दुकानदार बिचारा सांगत होता की घरगुती कामाला एक मधल्या आकाराचा पुष्कळ झाला. पण काका ऐकतात थोडेच? भिंतीवरचं घड्याळ आणि बाईच्या मनगटावरचं घड्याळ एकाच स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतं का, असा त्यांनी उलट सवाल केला. बुंध्याला वेगळा, फांद्यांना वेगळा, डहाळ्यांना वेगळा. सगळी गंमत योग्य जोडणीत आहे! म्हणून पेट्रोलवर चालणारा थोरला, विजेवर चालणारा मधला आणि बॅटरीवरचा धाकटा, असे तीन भाऊ लाकडी खोक्यांत बसून घरी आले.

आता घड्याळवाल्यांची एक खोड असते. कुठलंही यंत्र ते उघडल्याशिवाय वापरत नाहीत. काकांनी आदल्या संध्याकाळी तिघांनाही उघडलं, पुसलं, तेल दिलं, आणि चेनी पुन्हा बसवल्या. माहितीपुस्तक त्यांनी वाचलं नाही. ते अडाण्यांसाठी असतं.

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं लेक यायची होती. एकटी नव्हे, तीन महिन्यांच्या नातीला घेऊन, पहिल्यांदा, आणि थंडी सरेपर्यंत राहायला. मागची खोली तिच्यासाठी झाडून-पुसून ठेवलेली, पण अशी गार की भिंतीला हात लावला तर हातच मागे यायचा. खोलीत लोखंडी शेगडी होती. शेगडीशेजारी लाकडं रचायची जागा होती. लाकडं मात्र अजून झाडालाच होती.

काकूंचा पाठ निम्म्यावर आला असेल नसेल, तोच अंगणात थोरला गरजला. जणू कुणी पत्र्याच्या पिंपात रेडा कोंडलाय! काकू दचकल्या आणि ओळ चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

डोळे मिटण्याआधी सहज खिडकीबाहेर नजर गेली. थोरला गरजत होता, काका थरथरत होते, बुंध्यातून धूर निघत होता, पण भुसा काही पडत नव्हता. बराच वेळ झाल्यावर काकांनी मशीन उचललं. बुंध्यावर एक काळी, गुळगुळीत, चकचकीत रेघ उमटली होती, इस्त्री फिरवल्यासारखी.

काकूंनी निरखून पाहिलं. जन्मभर किसणी हातात धरलेल्या बाईला दात कुणीकडे बघताहेत हे दिसायला भिंग लागत नाही. चेन उलटी बसली होती! दातांची धार पुढे असायची ती मागे, आणि पाठ लाकडाला घासत होती.

त्यांनी काचेवर टकटक केलं. काका खिडकीशी आले. काकूंनी किसणी आणि गाजर घेतलं. किसणी सरळ धरून गाजर ओढलं, कीस पडला. मग किसणी फिरवून तिची टोकं उलटी केली आणि तसंच ओढलं. गाजर नुसतं घसरलं. एवढं स्पष्ट तर शाळेतल्या बाईसुद्धा समजावत नाहीत.

काका दोन क्षण विचारात पडले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर आहे तुझं. बारीक कामापासून सुरुवात करायला हवी. आधी डहाळ्या, मग बुंधा. जोडणी बरोबर होती, क्रम चुकला."

आणि ते धाकट्याला घेऊन आले.

धाकटा गांधीलमाशीसारखा गुणगुणला. त्याचीही चेन काकांनीच बसवलेली. म्हणजे डहाळी कापायच्या ऐवजी नुसती तापली आणि धुरकटली. काकू पुन्हा पहिल्या ओळीवर. कानात कापूस घातला, तर गुणगुण दातांतून ऐकू येऊ लागली.

त्यांनी दुसरा उपाय केला. ओट्याखाली झोपलेल्या मांजराला उचलून खिडकीत धरलं आणि काकांना दाखवत त्याच्या अंगावरून हात फिरवला, आधी केसांच्या दिशेनं, मग उलट्या दिशेनं. उलट्या हातासरशी मांजरानं काकूंच्या मनगटावर पंजा ओढला आणि फडताळावर उडी मारली. यापेक्षा पुरावा तो काय द्यायचा?

काका हळहळले. म्हणाले, "आवाजाचा त्रास होतोय होय त्याला? माझ्या लक्षातच आलं नाही. विजेवरचा शांत असतो."

आणि ते मधल्याला घेऊन आले.

मधला खरंच शांत होता. त्यानं निमूटपणे धूर काढला, निमूटपणे तापला आणि निमूटपणे घराचा फ्यूज उडवला.

एव्हाना कुंपणापलीकडून शेजारचे ड्रायव्हर बघत होते. ट्रक चालवण्यात आयुष्य गेलेला हा गृहस्थ. काकांना तीन मशिनी घेऊन एका झाडाशी झुंजताना पाहून त्यांना जे सुख होत होतं ते त्यांनी लपवलं नाही. काका, ते झाड घाबरून आपण होऊन तुटेल असं वाटतंय का तुम्हाला, अशी चौकशी त्यांनी केली. मग त्यांनाच दया आली. घरात जाऊन ते आपला जुना चेनसॉ घेऊन आले. रंग उडालेला, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला, पण गेल्या आठवड्यातच त्यानं त्यांच्या घरचं सगळं जळण कापलं होतं.

खिडकीतल्या काकूंचा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे, आता हे मशीन तरी सरळ आहे! त्यांनी डोळे मिटले आणि पाठ सुरू केला. चार ओळी झाल्या, आठ झाल्या. बाहेरून आवाज येईना. त्यांनी एक डोळा किलकिला केला.

अंगणात सतरंजी पसरून काका बसले होते, डोळ्याला भिंग लावून. ड्रायव्हरांचा चेनसॉ त्यांनी पूर्ण उघडला होता.

"असं मळकं यंत्र मी चालवू देणार नाही," ते सांगत होते. "पुसतो, तेल देतो, चेन नीट बसवून देतो. नव्यासारखा करून देतो."

काकूंनी दोन्ही हातांनी काच बडवली. ड्रायव्हरांनी वर पाहिलं आणि अदबीनं नमस्कार केला.

पुढचं सांगायला नकोच. ड्रायव्हरांनी मशीन सुरू केलं, सगळा भार टाकून बुंध्यावर दाबलं आणि धुराचा असा लोट उठवला की अंगणातलं काही दिसेना. खोकत मागे आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर झाला होता. हे लाकूड नाही, असं त्यांचं मत पडलं. काही काही झाडं आतून दगड होतात, त्यातलंच हे. काकांनी तत्काळ मान्य केलं. प्रश्न जोडणीचाच होता, आपण एकेक मशीन लावत होतो, दगडाला सगळी एकदम लावली पाहिजेत.

मग थोरला काकांच्या हातात, जुना ड्रायव्हरांच्या, आणि दोघं बुंध्याच्या दोन बाजूंना. देवळात दोन बाजूंनी दोन नगारे वाजावेत तसा नाद! काकूंचा पाठ कितव्यांदा मोडला याचा हिशोब त्यांनी सोडून दिला. घड्याळाकडे मात्र त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या. गाडी यायची वेळ जवळ येत होती. खोली गार, शेगडी गार, आणि नात वाटेवर.

उठून अंगणात जावं आणि चार शब्द बोलून मोकळं व्हावं, हे काकूंच्या मनात आलं नाही असं नाही. त्या दारापर्यंत गेल्याही, कडीवर हात ठेवून थांबल्या. इतकी वर्षं आजारपणात, पाहुण्यांत, लेकीच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा मौन मोडलं नव्हतं. ते आज काय चेनसॉसाठी मोडायचं? पण मग व्रत सांभाळायचं आणि तान्ह्या पोरीला गारठ्यात निजवायचं, हा तरी कुठला धर्म? देवा, तूच आता काहीतरी कर, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

देवानं बंब पाठवला.

म्हणजे बोलावला होता समोरच्या शिकवणीवाल्या बाईंनी. त्यांच्या खिडकीतून फक्त धूर दिसत होता, आणि धुरात दोन पुरुष नाचत होते. घंटा वाजवत बंब आला, चार जवान पाइप घेऊन कुंपणावरून आत आले. काका काही सांगायला तोंड उघडणार तोच पाण्याचा असा फवारा सुटला की बुंधा, फांद्या, डहाळ्या, सतरंजी, ड्रायव्हर, सगळे एकजात न्हाऊन निघाले. काकांच्या डोळ्यावर भिंग होतं म्हणून एक डोळा तेवढा कोरडा राहिला.

मुख्य जवानानं दरडावलं, "सगळी मशिनी बंद. चौकशी होईपर्यंत कुणी आवाज करायचा नाही."

आणि अंगणात शांतता पसरली. छतावरून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

काकू झटकन खिडकीशी बसल्या, डोळे मिटले. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि न अडखळता शेवटची. नमस्कार केला, पदर सारखा केला आणि अंगणात आल्या. दारात तोवर रिक्षा थांबली होती. लेक बाळाला छातीशी धरून बंबाकडे, पाइपाकडे आणि निथळणाऱ्या बापाकडे बघत उभी होती.

काकूंनी आधी नातीला हातात घेतलं, तिच्या कपाळावर ओठ टेकले, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, चारही चेनींचे दात मागे बघताहेत."

काकांनी भिंग डोळ्यावर नीट केलं. थोरल्याकडे वाकून पाहिलं. मग मधल्याकडे, धाकट्याकडे, ड्रायव्हरांच्या जुन्याकडे. घड्याळातलं जे दातेरी चाक त्यांनी जन्मभर बसवलं, त्याचे दात असेच मागे झुकलेले असतात. हाताला जी सवय, तीच त्यांनी चौघांना लावली होती. पलीकडे ड्रायव्हर आपल्या मशीनकडे असं बघत होते, जसं कुणी दवाखान्यातून भलत्याच चेहऱ्यानं परत आलेल्या भावाकडे बघतं.

"अगं, मग सकाळीच नाही का सांगायचंस?" काका म्हणाले.

काकूंनी मनगटावरचा मांजराचा ओरखडा त्यांच्यापुढे धरला.

चौकशी आटोपून बंब गेला, आणि चेनी सरळ केल्यावर एकट्या थोरल्यानं संध्याकाळपर्यंत निम्मं झाड लोण्यासारखं कापलं. मधल्याची आणि धाकट्याची गरजच पडली नाही. पण ती लाकडं पाणी पिऊन अशी तुडुंब झाली होती की पेटवायला गेलं की फुसफुसत आणि विझत. तेव्हा काकूंनी घरभर नजर फिरवली, एक कोपरा हेरला आणि कोयता मागवला. त्या रात्री मागची खोली उबदार झाली, बाळ मुठी वळून गाढ झोपलं. ऊब होती ती तीन चेनसॉ ज्यांतून आले त्या लाकडी खोक्यांची. माहितीपुस्तकंही पेटवायला कामी आली. शेवटी जोडणी बरोबर होती म्हणायची, एका चेनसॉचं खोकं काही पुरलं नसतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून, केस चापून, स्वयंपाकघरात आले. काकू खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या.

"ओंडके फोडायचं एक यंत्र मिळतं," काकांनी गोड आवाजात सुरुवात केली. "खरं तर दोन घ्यावी लागतील, एक उभ्या फोडणीला, एक आडव्या. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग."

क्षणभर थांबून ते समाधानानं वळले.

"आहे," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी त्या उजाडायच्या आधीच उठल्या होत्या, आणि त्यांचा पाठ केव्हाच झाला होता.