इतिहास नसलेलं गाव

देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या एका गावाने ‘आमच्या हद्दीत कोणताही इतिहास घडलेला नाही’ असा ठराव एकमताने मंजूर केला होता. ठरावाचे सूचक माजी सरपंच शेषेराव. कारण सरळ होतं. शेजारच्या गावात नांगराला एक मूर्ती लागली, मग संरक्षणाचा फलक लागला, आणि तेव्हापासून फलकाच्या आसपास कुणाला न्हाणीघराची भिंतसुद्धा बांधता येईना. इकडे शेषेरावांच्या बालाजीचं लग्न घरावाचून अडलेलं. मुलीकडच्यांनी ‘आधी स्लॅब, मग साखरपुडा’ असं स्वच्छ कळवलं होतं. पायाची आखणी झाली होती आणि आखणीला लागूनच वीरगळ उभे होते, लढाईत पडलेल्या कुण्या जुन्या वीरांचे कोरीव दगड.

अशात लातूरचं ‘प्राचीन वारसा पदभ्रमण मंडळ’ रविवारी दिवसभर शिवार चालायला येणार असल्याचा निरोप आला. शेषेरावांनी शनिवारीच वीरगळांवर कडब्याची गंजी रचली आणि रविवारी वाट दाखवायला स्वतः हजर झाले.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक रेणुकादास. सोबत चिटणीस मनस्विनी आणि एका रंगाच्या टोप्या घातलेले सभासद.

“गावात जुनं काय काय आहे?” रेणुकादासांनी विचारलं.

“काही न्हाई सर. आमचं गाव लई नवं हाय.”

“किती नवं?”

“म्या जन्मायच्या थोडं आदी झालं.”

रेणुकादासांनी अर्थपूर्ण मान हलवली. लोक जिथे नाही म्हणतात तिथेच इतिहास असतो, असं त्यांनी सभासदांना हळूच सांगितलं.

पाहुणे थकून परत जावेत म्हणून शेषेरावांनी त्यांना ओढ्याने नेलं, माळावरून आणलं आणि पुन्हा ओढ्याने नेलं. पण इतिहासप्रेमी माणूस थकत नाही. दम लागला की त्याला बसायला एखादा प्राचीन दगड सापडतो. कुणाच्या तरी चुलीतली राख मनस्विनीने पुढील अभ्यासासाठी पुडीत बांधून घेतली. दुपारी सगळ्यांनी कडब्याच्या गंजीला टेकून धपाटे खाल्ले. पण गंजीखाली बघायची बुद्धी कुणाला झाली नाही.

उन्हं उतरली. शेषेराव सुटकेचा श्वास सोडणार तोच बालाजीच्या आखणीपलीकडे मंडळ थबकलं. समोर अर्धी ढासळलेली भिंत, एका अंगाला कललेले खांब आणि मधल्या कोरड्या खोलगटात उगवलेला पिंपळ.

रेणुकादासांनी पायातले बूट काढले. “पुष्करणी,” ते पुटपुटले.

तो जनावरांच्या पाण्याचा हौद होता. शेषेरावांच्या सरपंचकीत, त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेला. पहिल्या पावसाळ्यात खचला, दुसऱ्यात कलला, आणि पाणी असं त्यात कधी थांबलंच नाही. कामाच्या दर्जाबद्दल चौकशी लागली होती. साहेब लवकरच पाहणीला येणार होते.

रेणुकादासांनी भिंतीला बोट लावलं. गिलावा बोटाबरोबर आला. “बघा, हजारेक वर्षं गेल्याशिवाय बांधकामाची ही अवस्था होऊच शकत नाही.”

आता शेषेरावांपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसावं तर पोराचं घर गेलं. बोलावं तर चौकशीत आपल्याच तोंडाने अडकलो. मग त्यांना पोराचं तोंड आठवलं.

“सर, हे म्या बांधलंय.”

सभासद प्रेमळपणे हसले. पाहुण्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन आलेल्या केवळाबाईंना नवऱ्याचं हसं झालेलं बघवेना. “खरंच सांगायलेत ते. म्या सोता डोक्यावर वाळू वाहिलीय. वाळूच लई होती, सिमिट कमी.”

रेणुकादास गंभीर झाले. “याला मौखिक परंपरा म्हणतात. पूर्वजांची कामगिरी ही माणसं स्वतःचीच म्हणून सांगतात. मनस्विनी, लिहून घे. शेषराय नावाचा स्थानिक सामंत. केवलदेवी त्याची राणी.”

“राणीने वाळू वाहिली हेही घेऊ, सर?”

“अवश्य. राजघराण्याचं श्रमदान.”

“अवं पण सिमिट...” केवळाबाई म्हणाल्या.

“त्या मिश्रणाचं गुपित आम्ही शोधून काढू, मावशी,” मनस्विनीने त्यांना धीर दिला.

महिनाभरात फलक लागला: शेषराय पुष्करणी, परिसरात बांधकामास सक्त मनाई. आखणीवर गवत उगवलं आणि मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ पाहिलं. पुढे चौकशीचे साहेब आले. त्यांनी फलक वाचला, बूट काढले आणि चौकशी जागेवरच बंद केली.

“असं काम आता होत नाही,” ते जाताना म्हणाले.

“होतंय की साहेब,” शेषेराव म्हणाले. पण साहेब फोटो काढण्यात गुंतले होते.

आता दर रविवारी तिथे लातूर-नांदेडच्या गाड्या लागतात. ‘आपल्या पूर्वजांचं जलविज्ञान’ या मथळ्याखाली हौदाचा फोटो फिरतो आहे. त्यात पाणी का थांबत नाही, याचं शास्त्रीय कारणही खाली दिलेलं आहे. परवा तो तुमच्याकडे आला, तेव्हा तुमची छाती भरून आली आणि तुम्ही खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून तो आणखी चार गटांवर पाठवलात. फिरत फिरत तो शेषेरावांच्या मोबाइलवर पोचला. खरं काय ते खाली लिहावं म्हणून त्यांनी दोन शब्द टाइपही केले होते. मग फोटोखाली तुमचे जोडलेले हात दिसले. शेषेरावांनी शब्द पुसले आणि तुमच्या हातांखाली आपलेही हात जोडले.