मडक्यातल्या जंतूचं कूळ

मुलांनो, एका जंगलात नदीला पाणी होतं, झाडांना फळं होती आणि प्रत्येक प्राण्याला आपलं कूळ तोंडपाठ होतं. कूळ विचारल्याशिवाय तिथे कुणी कुणाच्या हातचं खात नसे.

त्या जंगलात चंदनी नावाची हरिणी होती. तिचं पाडस ठिपकू. ठिपकू भरपूर चरायचा, घटाघटा पाणी प्यायचा आणि तरी वाळत चालला होता.

साळूताई म्हणजे जंगलाची डॉक्टर. जातीने साळिंदर. तिने ठिपकूला तपासलं.

"खाल्लेली साखर अंगी लागायला एक रस लागतो," ती म्हणाली. "याच्या शरीरात तो होतच नाही. रोज टोचावा लागेल, नाहीतर पोर हातचं जाईल."

"दुसऱ्या हरणाचा काढून द्या की!" चंदनी म्हणाली.

"त्यासाठी किती हरणं मारू गं? मी तो मडक्यात करते."

झालं! सभा भरली. वडाखाली आप्पासाहेब हत्ती बसले. शेजारी माकडशास्त्री.

साळूताईने समजावलं, "प्रत्येक जिवाच्या आत एक बारीक धागा असतो. त्यावर कृती लिहिलेल्या असतात. ठिपके कुठे, शेपूट केवढं, कुठला रस कसा करायचा. मी धडधाकट हरणाच्या धाग्यावरून त्या रसाची कृती घेते आणि जंतूच्या धाग्यात जोडते. जंतूला ती आपलीच वाटते. तो रस करत बसतो. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि सगळेच रस करतात. मग रस गाळून, शुद्ध करून घ्यायचा. जंतू मागेच राहतात."

तुम्हाला वाटेल, यावर टाळ्या पडल्या असतील. तुम्ही अजून लहान आहात.

"जंतूच्या हातचं?" शास्त्री किंचाळले. "त्याचं कूळ कोणतं?"

"शास्त्रीबुवा, त्याला हातच नाहीत."

"उद्या पाडसाला शिंगांऐवजी जंतू फुटले तर?" रानडुक्कर म्हणालं.

"अरे, काल तू कोबी खाल्लास. तुला पानं फुटली का?"

रानडुकराने हळूच पाठ चाचपून पाहिली.

मोर पुढे आला. "ते राहू द्या. माझ्या पिसाऱ्यात थोडा सोनेरी रंग जोडता येईल?"

"पोर मरतंय हो!" चंदनी ओरडली.

आप्पासाहेबांनी सोंड उचलली. "भावना समजतात, चंदने. पण सध्या पितृपक्ष आहे. नव्या गोष्टीचा निर्णय आत्ता नको. घटस्थापनेला बघू."

तेवढ्यात ठिपकूचे पाय लटपटले आणि तो सभेतच कोसळला.

चंदनी साळूताईपुढे येऊन उभी राहिली. "टोचा. बाटलं तर माझं पोर बाटेल. यांच्या पितरांना मी तोंड देईन."

साळूताईने तिथेच रस टोचला. बऱ्याच वेळाने ठिपकूने डोळे उघडले. संध्याकाळी तो आईला ढुशी देत होता.

सभेने ताबडतोब निर्णय घेतला. पितृपक्ष असूनही. चंदनी आणि ठिपकू जातीबाहेर! सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवायचा नाही.

दिवस गेले. ठिपकूला शिंगं फुटली. हरणाचीच. इकडे उसाच्या नैवेद्यांनी आप्पासाहेबांना सारखी तहान लागू लागली. झाडपाला झाला, पथ्य झालं, शास्त्रींचा अंगारा झाला. शेवटी भर दुपारी ते साळूताईच्या दारात हजर.

"तो रस द्या," ते पुटपुटले. "पण आमच्यासाठी जंतू जरा खानदानी बघा."

साळूताईने ठिपकूच्याच मडक्यातला रस भरला. "हा घ्या. यातल्या जंतूच्या पणजोबांपासून सगळे मडक्यातच वाढले. बाहेरच्यांशी संबंध नाही."

"वा! याला म्हणतात संस्कार!" आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पाय पुढे केला.

बाहेर ठिपकू उभा होता, आपल्या रसाच्या वेळेची वाट बघत. आप्पासाहेबांनी त्याला पाहिलं आणि दरडावलं, "ए, लांब हो! शिवशील!"

तात्पर्य : दुसऱ्याने घेतलेल्या औषधाने धर्म बुडतो. आपण घेतलेल्या औषधाने फक्त साखर उतरते.