दारातली भिंत

आधीच सांगतो, शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा आठवीत सुटली, त्यानंतर हातात सुई आली ती आजतागायत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला आणि जड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

मी गाद्या शिवतो. नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या चाळीस गाद्या, ही माझी पहिली मोठी ऑर्डर. सोमवारी सकाळी पोचवायच्या होत्या. गाद्या चांगल्या गेल्या तर उरलेल्या तीनशे खुर्च्याही मलाच, असं मॅनेजरसाहेबांनी कबूल केलं होतं. चाळीसच्या चाळीस तयार होऊन पुढच्या खोलीत जमिनीवर रचलेल्या होत्या.

आमची गल्ली थेट नदीकडे उतरते. घराला दार एकच. त्या आठवड्यात भोंग्याची गाडी तीनदा फिरून गेली. "पूर येऊ शकतो, सामान उंचावर ठेवा!" कोणी जागचं हललं नाही. पत्रकंही वाटली. (कागद बरा होता. मी त्यातून गादीचं माप कापलं.)

पण रविवारी दुपारी शेजारचे पातळीकाका टॉवेलखाली काहीतरी लपवून घरात शिरताना दिसले. हे काका सरकारी नोकर. रोज नदीची पातळी मोजून पुलाजवळच्या फळ्यावर लिहितात. टॉवेल जरा सरकला. आत विटा!

"अगं, काका विटा लपवून नेतायत."

"मग?" बायकोनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"मग काय मग! नदी मोजणारा माणूस आहे तो."

"जाऊन विचारा की."

मी लाजाळू माणूस. तरी धीर करून त्यांच्या खिडकीशी गेलो.

"काका, नदी काय म्हणतेय?"

"फळ्यावर लिहिलंय की."

"फळ्यावरचं लोकांसाठी. मला खरं सांगा."

काकांनी आत काकूंकडे चोरून बघितलं, कसनुसं हसले आणि खिडकी लावून घेतली. पण तेवढ्यात मला त्यांच्या पलंगाची उशाकडची बाजू दिसली. दोन्ही पाय विटांवर!

मी तडक विटा आणि झटपट धरणारं सिमेंट आणलं. नळाला पाइप लावून पुढच्या खोलीतच माल कालवला आणि दारात गुडघाभर भिंत घालायला बसलो. समोरच्या इस्त्रीवाल्यानं ते बघितलं आणि काही न विचारता कपड्यांची गाठोडी माळ्यावर चढवली. त्याला बघून पलीकडच्या मास्तरीणबाईंनी फ्रीज टेबलावर चढवला. तासाभरात गल्लीत जमिनीवर फक्त माणसं उरली.

"पुराचं पाणी मोरीतूनही वर येतं हं," इस्त्रीवाला ओरडला. मी मोरीतही बोळा कोंबून वर सिमेंट थापलं. मध्येच नळाचं पाणी गेलं, पण काम होत आलं होतं.

संध्याकाळी पातळीकाका धापा टाकत भिंतीपलीकडे उभे राहिले.

"तुला कोणी सांगितलं रे? ऑफिसनं मला कळवलंच नाही! मलाच डावललं वाटतं!"

"काका, तुम्हीच पलंग विटांवर चढवलात ना?"

त्यांनी आवाज खाली आणला. "छातीत जळजळ होते. डॉक्टर म्हणाले, उशाकडची बाजू उंच करा. तुझ्या काकूनं विटा बघितल्याच, तेव्हा सांगितलं, पाठीसाठी आहेत. तळकट बंद केल्याची शपथ घेतली होती मी."

(जळजळ म्हणे! इतकं साधं कारण कधी खरं असतं का?)

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "बरं, निदान त्या गाद्या तरी पलंगावर ठेवा."

"कशाला? भिंत बघितलीस ना?"

पहाटे जाग आली ती पलंगाखाली लोंबणारे पाय ओले लागले म्हणून. नदी आपल्या जागी होती. नळाला पाणी आलं होतं. नळ मी उघडाच ठेवला होता आणि पाइप पुढच्या खोलीत होता. मोरी बंद, दार बंद. भिंत इतकी चांगली झाली होती की एक थेंब बाहेर गेला नाही. चाळीसही गाद्या पोटभर पाणी प्यायल्या होत्या.

बायकोनं फक्त हातोडा आणून दिला.

भिंत फोडून, सकाळी खरं काय ते सांगून टाकायला मी नाट्यगृहात गेलो. वाटेभर वाक्य पाठ करत होतो. बघतो तर मॅनेजरसाहेब स्वतः घामाघूम, खुर्च्या बाल्कनीत चढवतायत.

"बरं झालं आलात! गाद्या आणल्या नाहीत ना? आणू नका! आठवडाभर खेळ बंद. पूर येतोय."

"कोण... कोण म्हणालं?"

"तुमच्याच गल्लीतली पक्की खबर आहे. कोणीतरी दारात भिंतच घातलीय म्हणे. भोंग्यावर माझा विश्वास नाही हो, पण असा माणूस उगीच घाम गाळत नाही. फार हुशार असणार. ओळखता का त्याला?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो, आणि एक खुर्ची उचलली.