दुसऱ्या खुर्चीची मोहीम

ज्यांस ज्यांस नाक म्हणून आहे, त्या समस्त सज्जनांनी सावधचित्ते परिसावे. सांडपाण्याच्या पंपघरी मामासाहेब पंपवाले एकोणीस वर्षे ठाणे राखून होते, आणि त्या मुलखी गटारवायू नामे गनीम मातला होता. सडक्या अंड्यांचा दर्प हेच त्याचे निशाण. मामांचे नाक कधीच फितूर होऊन त्यास मिळाले, परंतु मामीसाहेबांचे नाक बाणेदार, सबब त्यांनी त्या खोलीत पाऊल न टाकण्याची शपथ वाहिली होती. शुक्रवारी मामा निवृत्त होणार, आणि आपला कारभार खाशा मामीसाहेबांनी एकवार नजरेखाली घालावा, येवढीच त्यांची उमेद बाकी राहिली.

मग प्रयोगशाळेतील भाचीने मसलत दिली की, नुसता कोळसा या गनिमापुढे टिकाव धरीत नाही, त्याच्या अंगी क्षार मुरवावा, म्हणजे वायू जागीच कैद होईल. आणि तिने सक्रिय कोळशाचे दाणे पोटॅशच्या पाण्यात भिजविले, भट्टीत वाळविले, आणि क्षाराचे चिलखत ल्यालेली ती काळी फौज पंख्यापुढील पेटीत भरण्याचा हुकूम देऊन रवाना केली.

मामा स्वच्छतेचे मोठे अभिमानी. हातमोजे काळे झालेले पाहून त्यांनी दाणे नळाखाली, पाणी निवळ येई तोवर, तीन वेळा धुतले, आणि चिलखत गटारास अर्पण करून उघडीबोडकी फौज मोर्च्यावर उभी केली. बुधवारी गनीम पेटीतून हसत हसत बाहेर आला. वर्तमान कळताच भाचीने कपाळास हात लावला.

"मामा, तांदूळ होते का ते धुवायला?"

"अगं, तुझी मामी येणार. घाण कशी ठेवू?"

मग दुसरी फौज सजली, डब्यावर 'धुवू नये' ऐसे फर्मान चिकटले, आणि भाचीने जातीने नळापाशी चौकी बसविली. मामांनी हात पाठीशी बांधून पराकाष्ठेचा संयम केला.

शुक्रवारी तिसरे प्रहरी मामीसाहेबांची स्वारी नाकास रुमाल लावून उंबऱ्यावर आली. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि रुमाल पर्समध्ये गेला. मग पंपांची पाहणी जाहली, आणि कोपऱ्यात प्लास्टिकही न काढलेली खुर्ची दिसली.

"अहो, ही कुणाची?"

"तुझीच. रुजू झालो त्याच आठवड्यात आणून ठेवली होती."

मामीसाहेबांनी प्लास्टिक टराटरा फाडिले आणि त्या बसल्या.

सबब नोंद केली जाते की, मामांची अखेरची पाळी संपण्यास दोन तास उरले असता दुसरी खुर्ची सर झाली. आपले जखमी कोणी नाही, गनीम कोळशात कैद आहे, आणि पाळी संपेतो मामीसाहेब ठाण्यावरून हलल्या नाहीत.